विश्लेषण : आरोपी सापडला, बातमी संपली, लैंगिक अत्याचारानंतर घरच्यांनी नेमकं काय करायचं?

२५ फेब्रुवारी २०२५ ची पहाट. पुण्याच्या स्वारगेट बसस्थानकात २६ वर्षांची एक तरुणी फलटणच्या बसची वाट पाहत होती. एकाने तिला ‘ताई’ म्हणत, बस दुसरीकडे लागली आहे असं सांगितलं आणि आवारात उभ्या असलेल्या शिवशाही बसमध्ये नेऊन तिच्यावर अत्याचार केला, अशी तिची फिर्याद आहे. पुढचे तीन दिवस सगळ्या वाहिन्यांचे कॅमेरे शिरूर तालुक्यातल्या गुणाट गावाकडे वळले होते. आरोपी याच गावचा. उसाच्या शेतांवर ड्रोन फिरले, श्वानपथक आलं, शेकडो पोलीस आणि गावकरी शोधात उतरले. २८ फेब्रुवारीच्या मध्यरात्रीनंतर तो सापडला.

या सगळ्या धावपळीत एका तपशिलाकडे फारसं लक्ष गेलं नाही. पोलिसांनीच दिलेल्या माहितीनुसार, घटनेनंतर ती तरुणी थेट पोलिसांकडे गेली नव्हती. ती गावाकडे जाणाऱ्या बसमध्ये बसली. वाटेत तिने मित्राला फोन केला. त्याने तिला पोलिसांत जायला सांगितलं. ती बसमधून उतरली आणि मागे फिरली. पुढचा सगळा तपास त्या एका फोनमुळे सुरू झाला.

अत्याचार झालेली व्यक्ती पहिल्यांदा बोलते ती बहुतेक वेळा पोलिसांशी किंवा डॉक्टरांशी नाही, तर आई, बहीण, मैत्रीण, नवरा किंवा भावाशी. त्या माणसाने काय उत्तर दिलं, यावर पुढचं बरंच काही ठरतं. पण नेमकं काय बोलावं, कुठे जावं, कायदा काय सांगतो, हे आपल्याकडे कुणी कुणाला सांगत नाही.

शिरूर आणि दौंडमध्ये काय घडलं?

स्वारगेटच्या घटनेनंतर आठवडाभरातच, मार्च २०२५ च्या सुरुवातीला, शिरूर तालुक्यातल्या कारेगाव परिसरात रात्रीच्या वेळी एका तरुणीवर दोघांनी अत्याचार केल्याची फिर्याद रांजणगाव एमआयडीसी पोलीस ठाण्यात दाखल झाली. तिच्यासोबत तिचा नातेवाईक तरुण होता. त्यालाही धाक दाखवण्यात आला. संशयितांना पोलिसांनी लगेचच ताब्यात घेतलं.

त्यानंतर ३० जून २०२५ च्या पहाटे दौंड तालुक्यातल्या स्वामी चिंचोलीजवळ, पुणे-सोलापूर महामार्गावर, पंढरपूरला देवदर्शनासाठी निघालेलं एक कुटुंब चहासाठी थांबलं होतं. मोटारसायकलवरून आलेल्या दोघांनी कोयत्याचा धाक दाखवून दागिने लुटले आणि कुटुंबातल्या अल्पवयीन मुलीवर अत्याचार केला. आषाढी वारीचे दिवस असल्याने राज्यभर संताप उसळला. काही दिवसांत संशयित पकडले गेले.

तीन वेगवेगळ्या घटना. पण प्रत्येक ठिकाणी जवळचं कुणीतरी होतंच: फोनच्या दुसऱ्या टोकाला, शेजारी उभं, किंवा अख्खं कुटुंबच. अटकेनंतर बातम्या थांबल्या. या माणसांचं काम तिथून सुरू होतं.

‘आरडाओरडा का केला नाही?’ या प्रश्नात चूक काय?

स्वारगेट प्रकरणात हा प्रश्न चौकाचौकांत विचारला गेला. गृह राज्यमंत्री योगेश कदम यांनीही झटापट झाली नसल्याने आसपासच्या लोकांना काही कळलं नाही, अशा आशयाचं विधान केलं. टीका झाल्यावर, आपण पोलिसांनी दिलेली माहिती सांगत होतो, असं स्पष्टीकरण त्यांनी दिलं. पण तोपर्यंत ‘ओरडली नाही म्हणजे...’ ही चर्चा पुढे गेली होती.

शरीर धोक्यापुढे मुख्यतः तीन प्रकारे वागतं: लढणं, पळणं किंवा गोठणं. यातली निवड विचार करून होत नाही. स्टॉकहोममध्ये अत्याचारानंतर तातडीच्या केंद्रात आलेल्या २९८ महिलांचा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या ७० टक्के महिलांनी अत्याचाराच्या वेळी आपलं शरीर लक्षणीय प्रमाणात गोठल्याचं सांगितलं. हात हलत नाहीत, आवाज फुटत नाही. ज्यांचं शरीर असं गोठलं होतं, त्यांच्यात पुढे मानसिक आघाताची लक्षणं आणि नैराश्यही जास्त दिसलं. म्हणजे ‘ओरडली का नाहीस?’ हा प्रश्न नेमका अशा व्यक्तीला विचारला जातो, जिला तो सर्वाधिक जखम करतो. आणि बहुतेकदा ती स्वतःलाच तो आधीपासून विचारत असते.

कायद्यानेही हा धडा महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणातून घेतला. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला ‘मथुरा प्रकरण’ म्हणून ओळखला जातो. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, असा आधार घेत सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना सोडलं. त्याविरोधात १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धगमवार या चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर आंदोलनं झाली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. आज भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे: शारीरिक प्रतिकार केला नाही, एवढ्याच कारणावरून संमती होती असं धरता येत नाही.

जो प्रश्न कायद्याने निकाली काढला, तो घरात पुन्हा उकरून काढण्यात काहीच हशील नाही.

मग पहिल्यांदा काय बोलावं?

फार काही बोलावं लागत नाही. ‘माझा तुझ्यावर विश्वास आहे’, ‘यात तुझी चूक नाही’, ‘आता तू सुरक्षित आहेस, मी इथेच आहे’ आणि ‘तुला आत्ता काय हवंय?’ एवढं पुरतं. ती जेवढं सांगेल तेवढं ऐकावं. मध्येच तपशील विचारू नयेत. तारीख-वेळ मागे-पुढे झाली, प्रसंगांचा क्रम जुळला नाही, तर ते खोटेपणाचं लक्षण नाही. आघातात आठवणी तुकड्यातुकड्यांनी साठतात.

टाळायची वाक्यंही ओळखीची आहेत. ‘एवढ्या रात्री कशाला गेलीस?’, ‘तरी मी सांगत होते’, ‘आता कुणाला बोलू नकोस’, ‘विसरून जा’. यातलं शेवटचं वाक्य मायेनेच बोललं जातं. पण ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ एकच लागतो: या घरात यापुढे हा विषय काढायचा नाही.

ती रडत नसेल, शांतपणे बोलत असेल, अगदी हसतही असेल, तरी तिला काही झालेलं नाही असं समजू नये. कुणी दोन दिवस झोपून राहतं, कुणी दुसऱ्याच दिवशी कामावर जातं. ‘जिच्यावर अत्याचार झाला ती अशी वागते’ असा काही साचा नाही.

आणखी एक गोष्ट. अत्याचारात तिच्या मर्जीला शून्य किंमत होती. त्यामुळे त्यानंतरचा प्रत्येक छोटा निर्णय तिला घेऊ देणं हाच आधाराचा गाभा आहे. मिठी मारण्याआधी विचारावं. कुणाला सांगायचं, डॉक्टर बाई हव्यात का, सोबत कोण हवं, हे तिला ठरवू द्यावं.

आधी पोलीस की आधी दवाखाना?

प्रकृती नाजूक असेल तर आधी दवाखाना. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ नुसार सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने अत्याचारग्रस्त व्यक्तीला तातडीने मोफत उपचार दिले पाहिजेत. उपचार नाकारणं हा न्याय संहितेच्या कलम २०० खाली गुन्हा आहे. रुग्णालयाला पोलिसांना कळवावं लागतं, पण ‘आधी एफआयआर घेऊन या, मग बघू’ असं म्हणता येत नाही. सज्ञान व्यक्तीला उपचार घेऊन पोलिसी कारवाई किंवा पुराव्यासाठीची तपासणी नाकारण्याचाही हक्क आहे, असं केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात.

वेळेचं गणित मात्र घरच्यांनी लक्षात ठेवायला हवं. एचआयव्हीचा संसर्ग रोखणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. गर्भधारणा टाळण्याची गोळी जितकी लवकर तितकी उपयोगी; ७२ तासांत घेणं उत्तम, पाच दिवसांपर्यंत काही उपयोग होऊ शकतो. शरीरावरचे पुरावे साधारण ९६ तासांपर्यंत मिळू शकतात. शक्य असेल तर तपासणीआधी अंघोळ करू नये, कपडे धुऊ नयेत. कपडे प्लास्टिकच्या नाही, तर कागदी पिशवीत ठेवावेत, कारण प्लास्टिकमध्ये ओल धरून पुरावा खराब होतो. पण तिने आधीच अंघोळ केली असेल तर रागावण्याचं कारण नाही. तपासणी तरीही होते, गुन्हाही नोंदवता येतो.

‘टू फिंगर टेस्ट’ला नकार द्यायचा का, हा प्रश्नच आता उरलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये ती करणाऱ्यावर गैरवर्तनाचा ठपका ठेवता येईल, असं स्पष्ट केलं आहे. तपासणीच्या वेळी बाहेर थांबणाऱ्या नातेवाइकाला हे ठाऊक असलं, तर तो डॉक्टरांना शांतपणे विचारू शकतो.

पोलीस ठाण्यात काय माहीत असावं?

घटना दौंडच्या हद्दीत आणि घर शंभर किलोमीटरवर, असं प्रवासात होऊ शकतं. ‘आमच्या हद्दीत नाही’ हे उत्तर आता कायद्याला मान्य नाही. कोणत्याही पोलीस ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवता येतो. एफआयआरची प्रत मोफत मिळते. अशा गुन्ह्याची फिर्याद नोंदवून न घेणाऱ्या पोलीस कर्मचाऱ्याला कलम १९९ खाली सहा महिने ते दोन वर्षं कैदेची शिक्षा होऊ शकते.

जबाबासाठी तिला ठाण्यातच बसवून ठेवावं लागत नाही. तिच्या घरी किंवा ती सांगेल त्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आई-वडील, जवळचे नातेवाईक किंवा सामाजिक कार्यकर्त्यासमोर जबाब घ्यावा, असं संहितेचं कलम १७६ सांगतं. सोबतच्या माणसाचं काम तिच्या वतीने बोलणं नाही. पाणी देणं, थांबायला सांगणं, फिर्याद वाचून मगच सही करायला सांगणं, एवढं त्याने करावं. तपास कुठवर आला, हे ९० दिवसांत फिर्यादीला कळवणंही पोलिसांवर बंधनकारक आहे.

उशीर झाला म्हणून दार बंद होत नाही. लाज, भीती, कुटुंबाची अब्रू यांमुळे तक्रारीला उशीर होणं स्वाभाविक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या गुरमीत सिंग प्रकरणातच म्हटलं होतं.

मूल अल्पवयीन असेल तर काय बदलतं?

१८ वर्षांखालील मुलगा असो वा मुलगी, पोक्सो कायदा लागू होतो. इथे घरच्यांना ‘कळवायचं की नाही’ असा पर्याय नाही. गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने ती पोलिसांना देणं कलम १९ नुसार सक्तीचं आहे. म्हणूनच मुलाने काही सांगितलं, तर ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नये. ‘तू मला सांगितलंस हे बरं केलंस, आता मदत करणाऱ्या माणसांना सांगावं लागेल’ हे खरं बोलणं आहे.

कायद्यात मुलासाठी बऱ्याच सोयी आहेत. जबाब घरी घेतला जातो, अधिकारी गणवेशात नसतात, रात्री मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही. न्यायालयात बंद दाराआड सुनावणी होते आणि आरोपी समोर येणार नाही याची काळजी घेतली जाते. २०२० च्या नियमांनुसार बालकल्याण समिती मुलासाठी ‘सहाय्यक व्यक्ती’ नेमू शकते. तपासापासून निकालापर्यंत ही व्यक्ती कुटुंबाला प्रत्येक टप्पा समजावून सांगते. अनेक कुटुंबांना ही सोय असते हेच माहीत नसतं. ती मागून घ्यावी.

घरातल्या पुरुषांचा राग कुठे जातो?

‘त्याला सोडणार नाही’ हे वाक्य वडील, भाऊ, नवरा यांच्या तोंडून येतं आणि ते समजण्यासारखं आहे. पण जिच्यावर अत्याचार झाला, तिला त्या क्षणी आणखी एका माणसाची काळजी वाटू लागते. हा आता काय करून बसेल? आपल्यामुळे हा तुरुंगात जाईल का? आधार मागायला आलेली व्यक्ती दुसऱ्यालाच शांत करत बसते. राग व्यक्त करायची जागा तिच्यासमोर नाही. मित्राजवळ, समुपदेशकाजवळ, वकिलाजवळ ती असू शकते.

कारेगाव किंवा स्वामी चिंचोलीसारख्या घटनेत तर जवळचा माणूस स्वतः तिथेच असतो. कोयत्यासमोर, चाकूसमोर आपण काही करू शकलो नाही, हा सल त्याला आयुष्यभर पुरू शकतो. अशा माणसाला ‘तू होतास ना तिथे?’ असं विचारणं म्हणजे गुन्हेगाराचं ओझं त्याच्या खांद्यावर देणं. त्यालाही मदत लागते. ती घेणं म्हणजे तिच्या दुःखात वाटेकरी होणं नव्हे. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत मोफत मानसिक आधार मिळतो आणि तो कुटुंबीयांनाही खुला आहे.

ती जगण्याविषयी निराशेने बोलत असेल, स्वतःला संपवण्याचं सूचित करत असेल, तर ते मनावर घ्यावं. तिला एकटं सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

कॉलेज बंद, नोकरी बंद: ही सुरक्षा की शिक्षा?

शिरूर आणि दौंड दोन्ही तालुके महामार्गांवरचे. रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींमुळे बाहेरगावाहून आलेल्या तरुण-तरुणी इथे भाड्याच्या खोल्यांत राहतात. वाड्या-वस्त्यांवरच्या मुली एसटीने शिकायला जातात. अशी एखादी घटना घडली की आजूबाजूच्या दहा घरांत निर्णय होतात: उद्यापासून कॉलेज बंद, नोकरी सोड, गावाला परत ये, स्थळं बघायला घ्या.

भीती खरी आहे. पण याचा परिणाम असा होतो, की पुढच्या वेळी कुणी त्रास दिला तर मुलगी घरी सांगतच नाही. सांगितलं तर शिक्षण जाईल, हे तिला कळून चुकलेलं असतं. आणि जिच्यावर अत्याचार झाला, तिच्यासाठी कॉलेज किंवा काम हाच अनेकदा जुन्या आयुष्याला जोडणारा एकमेव धागा उरतो. काही दिवस सोबत जाणं, वेळ बदलून घेणं, मैत्रिणीला सांगून ठेवणं हे मार्ग बंदीपेक्षा उपयोगी आहेत. घाईने लग्न लावणं हा तर उपायच नाही.

गावात गोष्ट फुटली तर?

भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार लैंगिक अत्याचारग्रस्त व्यक्तीचं नाव किंवा ओळख पटेल असा कोणताही मजकूर छापणं किंवा प्रसिद्ध करणं हा गुन्हा आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत. ओळख म्हणजे फक्त नाव नाही. गाव, आडनाव, शाळा, घराचा फोटो, वडिलांचं दुकान यातूनही ती पटते. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘फॉरवर्ड’ आलेला मजकूरही यातून सुटत नाही. नातेवाइकांनी तो पुढे न पाठवणं आणि ग्रुपवर ‘हे काढून टाका’ असं एका ओळीत सांगणं, हा फार मोठा आधार आहे. फोटो किंवा चित्रफीत पसरत असेल तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर आणि पोलिसांकडे लगेच कळवावं.

आणि आरोपी ओळखीचाच असेल?

बातम्यांत महामार्गावरचे अनोळखी हल्लेखोर दिसतात. आकडे वेगळं सांगतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात बलात्काराचे ३१,५१६ गुन्हे नोंदले गेले. त्यात ९० टक्क्यांहून जास्त प्रकरणांत आरोपी ओळखीचा होता. नातेवाईक, शेजारी, मित्र, कामावरचा माणूस.

अशा वेळी कुटुंबाची खरी परीक्षा होते. ‘भावकीतली गोष्ट आहे’, ‘बसून मिटवून टाकू’, ‘त्याच्या पोराबाळांकडे बघा’ अशी मध्यस्थी सुरू होते. बलात्काराच्या गुन्ह्यात तडजोडीला जागा नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये मदनलाल प्रकरणात ठामपणे सांगितलं आहे. लग्नकार्यात, सणासुदीला तिला त्याच माणसासमोर वाढायला लावलं जात असेल, तर घराने कुणाची बाजू घेतली हे तिला शब्दांविनाही कळतं.

मदत कुठे मिळते?

तातडीसाठी ११२, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८. मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१००. सखी वन स्टॉप सेंटरमध्ये वैद्यकीय, कायदेशीर आणि मानसिक मदत एकत्र मिळते. राज्याच्या मनोधैर्य योजनेत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत कमाल १० लाख रुपयांपर्यंत अर्थसहाय्य मिळू शकतं. ही भरपाई म्हणजे अत्याचाराची ‘किंमत’ नाही. उपचार, प्रवास, बुडालेली मजुरी, मोडलेलं शिक्षण यांचा खर्च खरा असतो. पैसे घेतले म्हणून कुणी बोट दाखवत असेल, तर त्याला हे सांगायची जबाबदारीही घरच्यांचीच.

खटला वर्षानुवर्षं चालू शकतो. तारखांना सोबत जाणं, मजुरी बुडवून न्यायालयाच्या व्हरांड्यात बसणं, तारीख पडली की परत येणं, हे काम कोणत्याही बातमीत दिसत नाही. घटनेची तारीख पुन्हा आली, तसलीच एखादी बातमी टीव्हीवर लागली, तर बरी वाटणारी व्यक्ती पुन्हा कोसळू शकते. ‘अजून तेच?’ असं म्हणण्याऐवजी टीव्ही बंद करून शेजारी बसणारं माणूस लागतं.

स्वारगेटच्या त्या सकाळी फोनवर असलेल्या मित्राकडे कायद्याची पदवी होती की नाही, हा प्रश्नच गौण आहे. त्याने फोन उचलला, ऐकलं आणि पोलिसांत जायला सांगितलं. ती मागे फिरली. पुढचा फोन कुणाला येईल हे कुणालाच माहीत नसतं. तो आल्यावर काय बोलायचं, हे मात्र आधी ठरवून ठेवता येतं.